वेशीबाहेरचा रेड्या

भिकन आणि मी एकाच बीमच्या दोन अंगांना बसून चौदा वर्षं काढली. सुरतेत या कामाला बीम पसारणं म्हणतात. लूमवर नवा बीम, म्हणजे उभ्या तारांचा रूळ, चढला की त्याचे हजारो तार एकेक करून वईच्या, म्हणजे तार वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या, डोळ्यांतून आणि मग फणीच्या दातांतून ओवायचे. एकाने मागे बसून तार पुढे करायचा, दुसऱ्याने पुढून आकड्याने ओढून घ्यायचा. मी मागे, भिकन पुढे, मधे तारांचा पडदा. त्याचं तोंड मी पाहिलं ते बहुतेक असंच, उभ्या रेघा पडलेलं.

माणूस धिप्पाड. लूमच्या दोन रांगांमधल्या बोळीतून तो आडवा होऊन चालायचा. आवाज मात्र इतका बारीक की खटखटाटात त्याचं बोलणं ओठांवरून वाचावं लागे. आणि एक खोड. दुसरे पसारणारे मागच्याचा हात पुढे यायच्या आतच आकडा खुपसतात, घाई असते त्यांना. भिकन तसं कधी करायचा नाही. मी तंबाखू मळत बसलो तर तो आकडा धरून गप थांबायचा.

"आरे बोल ना, उशीर व्हई राहिना आशे सांग ना," मी चिडून म्हणायचो.

"तू देशीच ना," तो म्हणायचा. देशीलच ना, एवढंच.

आमचं गाव पांझरेच्या काठी. तिथे चैत्रात भोवाडा होतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावातली माणसं देवांचे, राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवतात आणि संबळ-पिपाणीवर एकामागून एक सोंगं नाचतात. एकेक सोंग एकेका घराचं. भिकनच्या घराकडे म्हैसासुर. आमच्या घराकडे सोंग नाही, आमच्याकडे पुकारा. मांडवात उभं राहून सोंगाचं नाव घ्यायचं, कूळ सांगायचं, आणि "या" म्हणायचं, हा आमचा मान. पुकारा झाल्याशिवाय सोंग मांडवात पाऊल टाकत नाही. विचारत नाही, डोकावत नाही, खाकरतसुद्धा नाही.

एका वर्षी माझ्या चुलत्याने दारूच्या तारेत म्हैसासुराचा पुकाराच गाळला. देवी आली, नाचली, लढायला समोर कोणी नाही. भिकनचा बाप मुखवटा चढवून चावडीच्या मागे उभा होता, तो सूर्य वर येईपर्यंत तसाच उभा राहिला. आठवडाभर त्याची मान वळत नव्हती. गावाने त्याला नावाजलं. चुलत्याला कोणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच त्याला लागलं. पुढे तो मरेपर्यंत भोवाड्याला गेला नाही.

भिकन सतराव्या वर्षी सुरतेला आला. सोंग चुलतभावाकडे गेलं. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. लग्न झालं होतं, टिकलं नाही. बाई माहेरी गेली ती तिकडचीच झाली. गावी म्हातारी आई धुरपदाबाई, आणि इथे नवागामात सरलाबाईंच्या घरावरची पत्र्याची खोली. एवढा त्याचा संसार.

सरलाबाई अमळनेरकडच्या. त्यांचा मुलगा कुंदन कॉम्प्युटरवर साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं काढतो. पोरगं इथेच जन्मलेलं. आईशी अहिराणी, मित्रांशी गुजराती, आणि रागावलं की हिंदी. दीड वर्षापूर्वीची गोष्ट. एका रविवारी दुपारी तो कागदांचा गठ्ठा आणि मूठभर रंगीत फासे घेऊन गच्चीवर आला. फासे कसले, कोणाला चार तोंडं, कोणाला बारा, एकाला तर वीस.

सरलाबाई जिन्यात थांबल्या. "काय रे भो, आखाजी शे का आज? मन्हा घरमा जुगार नको." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे जुगार चालतो.

"मम्मी, जुगार नथी, गोष्ट आहे. फासा टाकून सांगायची गोष्ट."

खेळ परदेशातला, पन्नास वर्षांपूर्वीचा. कुंदनने नेटवरून त्याच्या जुन्या पुस्तिका काढून छापल्या होत्या. नव्या आवृत्त्यांत नियमच नियम, म्हणाला, जुन्यात मोकळीक. एक जण गोष्ट चालवतो, तो म्हणजे कुंदन. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं: कोणी तलवारबाज, कोणी जादूगार, कोणी चोर. समोर जे येईल त्यावर आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं. जमलं की नाही ते फासा ठरवतो. मेलात तर मेलात.

आम्ही चौघं बसलो. चौथा गजेंद्र, पारोळ्याचा, साड्यांच्या गाठी बांधायच्या कामावर. जीभ त्याची सुईसारखी. त्याने चोर घेतला.

"तुले सोंग लेवानी गरज काय?" मी म्हणालो.

"आन तू तलवारबाज? घरमा वहिनीसमोर तोंड उघडत नही," तो म्हणाला.

भिकन फासे तळहातावर घेऊन वजन पाहत होता. मग म्हणाला, "कुंदन, राक्षस व्हता येई का?"

कुंदनचे डोळेच चमकले. जुन्या पुस्तिकेत ते होतं म्हणे. राक्षस व्हायची मुभा आहे, फक्त थोराड राक्षस एकदम मिळत नाही. बाळराक्षसापासून सुरुवात करायची आणि जगलात तर पायरीपायरीने वाढायचं. "पण काका, एक गोष्ट. लोक तुम्हाला बघून घाबरणार. मारायला धावणार. तुम्ही मनाने कसेही असा."

"चाली," भिकन म्हणाला. त्याने राक्षसाचं नाव ठेवलं रेड्या.

आता सांगतो ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. ज्याचा आवाज दोन हातांवर ऐकू येत नव्हता तो भिकन गच्चीवर उभा राहून रेड्याचं बोलायला लागला की खालून कुत्री भुंकायची. पाय आपटून चालायचा, मान एका अंगाने फिरवायचा. म्हैसासुराचीच चाल ती, मी ओळखली. दलदलीतल्या लढाईत त्याने आम्हा दोघांना काखेत मारून बाहेर काढलं. त्यानंतर रेड्या एक हात वाढला. कुंदनने कागदावर तसं लिहिलं तर भिकन तो कागद घडी घालून खिशात घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तारांच्या पडद्यातून मला म्हणतो, "आते मी नऊ फूट शे."

मग आमची टोळी एका मोठ्या गावाशी पोचली. तट, बुरूज, लोखंडी पट्ट्यांची वेस. कुंदन म्हणाला, "पहारेकरी तुम्हा दोघांना आत घेतात. रेड्याला बघून धनुष्य ताणतात. भिकनकाका, तुम्ही काय करता?"

भिकनने आमच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं. रेड्या भाईर ऱ्हास."

आणि तो सतरंजीवरून उठून जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला.

कुंदनला वाटलं, काका काही डाव रचतायत. गजेंद्रला वाटलं, पाय अवघडला असेल. मला मात्र त्याच क्षणी कळलं. सोंग चावडीमागे गेलं होतं. पुकारा झाला की येणार होतं.

मी कुंदनला तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं.

गावातली गोष्ट लांबत गेली. आत खून झाला, कोठारं फुटली, चोराने म्हणजे गजेंद्रने नगरशेठची पेटी पळवली, मी खुनी पकडला आणि गावाने मला कोतवाल केलं. रविवारमागून रविवार जात राहिले. भिकन दर रविवारी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून वर यायचा आणि पायरीवर बसायचा. मधेच उठून आमच्यासाठी चहा टाकायचा. गजेंद्र म्हणायचा, "गावमा येवढा दरारा, आन राक्षस आपलं दूध उकळी राहिना!" आम्ही हसायचो. भिकनही हसायचा.

कुंदन दर वेळी विचारायचा, "भिकनकाका, तुमचं काही?"

"मी शे ना आठेच," तो पायरीवरूनच म्हणायचा.

कुंदन मान हलवून पुढे जायचा. त्या पोराला काय ठाऊक? त्याच्या खेळात ज्याला जे हवं ते त्यानेच बोलायचं. धक्का मार, लाच दे, बुरखा घाल, तटावर चढ, काहीही कर, पण स्वतः सांग. आमच्याकडे आपणहून आत घुसणारं सोंग म्हणजे घराण्याची नाचक्की. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि दोन्ही रीती ठाऊक असलेला मी एकटाच होतो.

आता का नाही सांगितलं ते. पहिली गोष्ट, लाज. कुंदन इंग्रजी पुस्तक वाचणारा. त्याच्यापुढे चावडी, संबळ, पुकारा हे काढायचं म्हणजे मला आपलं धोतर दाखवल्यासारखं वाटलं. एरवी मी अहिराणीचा अभिमान सांगत फिरतो, पण तो अभिमान चारचौघांत मिरवायचा वेगळा आणि त्या गच्चीवर कामी आणायचा वेगळा. दुसरी गोष्ट अजून वाईट. गावात मी कोतवाल होतो. माझ्या शब्दावर पहारे बदलायचे. नऊ फुटांचा रेड्या आत आला असता तर माझ्याकडे कोणी पाहिलं असतं? बाहेर आयुष्यभर दुसऱ्याच्या लूमवर तार पुढे करणारा माणूस मी. मला ती कोतवाली गोड लागली होती.

एकदा काम चालू असताना भिकनने विचारलं. आकडा थांबवून, तारांमधून. "शालिक, रेड्याले कव्हय बलावतीन रे?"

"बलावतीन ना. खेय लांब शे आजून."

"आत गया का मी पहिले बजारमा जासू," तो म्हणाला. "कोन्ले काही करावं नही. नुसता हिंडसू. एखादं दुकान पाहसू."

मी पुढचा तार दिला. त्याने ओढला.

होळीनंतर गावाकडून फोन आला. धुरपदाबाई न्हाणीत पडली, कंबर गेली. उठवायला-बसवायला माणूस हवा. भिकनला भाऊ नाही. त्याने मालकाला सांगितलं, खोली सोडायची म्हणून सरलाबाईंना सांगितलं, आणि मला शेवटी सांगितलं.

"सोमवारले जाई राहिनू. पक्कंच."

"परत?"

"माय उठनी त पाहू." ती उठणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. मग तो म्हणाला, "मंग हाऊ रविवार शेवटना."

त्याने पुढे काही विचारलं नाही. मला मात्र पुरतं समजलं होतं. या रविवारी रेड्या आत गेला तर गेला.

त्या रविवारी कुंदनने मोठं प्रकरण रचलं होतं. मुडद्यांची फौज गावावर चालून आली. मी बुरजावर. गजेंद्र कोठारात लपलेला. कुंदनने वाकून, आवाज खाली आणून सांगितलं, "फौज अजून दोन वावरं लांब आहे. वेशीसमोर रेड्या एकटा उभा आहे. वेस उघडायचा हुकूम फक्त कोतवालाचा. शालिककाका, काय करता?"

पोरगं माझ्याकडे टक लावून पाहत होतं. आज कळतं, त्याने ते मुद्दाम आणलं होतं. काका जाणार म्हणून.

"उघाड ना भो," गजेंद्र म्हणाला. पहिल्यांदाच थट्टा न करता. "तो आपला शे."

मी हिशेबी डोकं चालवलं. वेस जड, उघडायला वेळ, मिटायला वेळ. फौज आत शिरली तर गाव जाईल, कोतवालीही जाईल. आणि दुसरं म्हणजे नुसतं "उघडा" म्हणून भागणार नव्हतं. मला उठून उभं राहावं लागलं असतं. रेड्याचं नाव, त्याचं कूळ, आणि "या", आमच्या चुलत्याच्या सुरात, त्या गच्चीवर, त्या दोघांसमोर. ओठापर्यंत आलं होतं. खोटं सांगत नाही, आलं होतं.

"वेस बंद ठेवा," मी म्हणालो.

पायरीवर बसलेल्या भिकनने मान वर केली नाही. कुंदन पायरीकडे वळला. मग म्हणाला, "भिकनकाका?"

भिकन उठला. किती आठवड्यांनी सतरंजीवर आला. उभ्यानेच म्हणाला, "रेड्या वेशीकडे पाठ करीसन उभा ऱ्हास. कोन्ले आत जाऊ देत नही."

मग तो लढला. फासा टाकायचा, पाय आपटायचा, पत्रे दणाणायचे. अकरा मुडदे पाडले. सरलाबाई पीठ भरल्या हाताने वर येऊन पाहत उभ्या राहिल्या. बाराव्याच्या वेळी वीस तोंडांचा फासा घरंगळत पाण्याच्या माठाशी गेला. दोन पडले. कुंदन पटकन म्हणाला, "माठाला लागला काका, धरायचा नाही. परत टाका."

"पडना तो पडना," भिकन म्हणाला.

रेड्या मेला. फौजेचं बळ तोवर खचलं होतं. गाव वाचलं. नियमाप्रमाणे कोतवाल एक पायरी वर चढला, आणि कुंदनने ते माझ्या कागदावर लिहिलं. मी त्याला लिहू दिलं.

भिकनने खिशातून आपला कागद काढून कुंदनला परत दिला. "चांगला खेय दावा रे भाऊ," म्हणाला. सरलाबाईंच्या पाया पडला. मला म्हणाला, "सकायले गाडी शे. तू कामवर जाय. बीम चढेल शे." मी खरंच कामावर गेलो. तो नवापूरच्या एसटीने गेला.

पुढच्या रविवारी मी गेलो तर कुंदन एकटाच कागद लावत बसला होता. म्हणाला, "काका, एक कळलं नाही मला. पहिल्या दिवसापासून मी रेड्यासाठी वाट ठेवली होती. वेशीवरचा म्हातारा पहारेकरी लहानपणी जंगलात हरवलेला, राक्षसिणीच्या दुधावर वाचलेला. रेड्याने नुसती थाप मारली असती ना, तो उघडणार होता. एक थाप. भिकनकाकांनी इतक्या रविवारांत एकदाही मारली नाही. त्यांना खेळ आवडला नव्हता का?"

तेव्हा मी सांगितलं. भोवाडा, चावडी, पुकारा, भिकनचा बाप, सगळं. कितीतरी वेळ सांगत होतो. सांगायला अजिबात अवघड गेलं नाही, लाजही वाटली नाही. आणि पोरगं तोंड उघडं टाकून ऐकत होतं, त्याच्या सगळ्या पुस्तिकांत त्याला इतकं भारी काही मिळालं नसावं.

ऐकून झाल्यावर म्हणाला, "मग तुम्ही मला का नाही सांगितलं? तुम्हाला तर माहीत होतं."

"राही गयं," मी म्हणालो.

तो हिंदीत म्हणाला, "ऐसे कैसे रह गया, काका?" आणि फासे पिशवीत भरायला लागला.

चार दिवसांनी त्यानेच मला निरोप दिला. रेड्याला परत उठवता येतं, तशी सोय पुस्तिकेत आहे. फोनवरूनही खेळता येतं. भिकनकाकांना विचारा. मी कामावरून सुटल्यावर डिंडोलीच्या नाक्यावर एका बाजूला उभा राहून फोन लावला. धुरपदाबाईचं विचारलं. पाठीला जखमा व्हायला लागल्यात म्हणाला. मग मी कुंदनचा निरोप सांगितला.

"आते कसाले?" तो म्हणाला. "सरी गया ना खेय."

"आरे पन पोऱ्या म्हनस, परत उठाडता येस. या खेपले कुंदन बलाई तुले आत. मी त्याले सांगं समदं. त्याले बिचाऱ्याले आपली रीत ठाऊकच नव्हती."

तो त्या बारीक आवाजात, मला दुसरा कान दाबून ऐकावं लागलं, म्हणाला, "मी कुंदननी वाट नव्हतू पाहत, शालिक. त्याले काय ठाऊक राही? पुकारा तुमना घरना."

नाक्यावर रिक्षावाले ओरडत होते. मी म्हणालो, "भिकन, माले—"

"जाऊ दे रे," तो म्हणाला. "सरलावहिनीना गुडघा कसा शे आते? जिना चढता येस का त्यास्ले?"

"बरा शे," मी म्हणालो. "पट्टा बांधतीस."

"सांग त्यास्ले, गरम पानीना शेक द्या."

सांगतो म्हणालो. मग आईने हाक मारली म्हणून त्याने फोन ठेवला.

या गोष्टीला आता सात महिने होतील. अधूनमधून फोन होतो, पाऊसपाण्याचं बोलतो. ते एक मी पुन्हा काढलं नाही आणि त्याने तर काढायचा प्रश्नच नाही. गावी जायचं दोनदा ठरवलं, दोन्ही वेळा काम निघालं. निघालं म्हणजे, मी काढलं.